शेंगदाणे, उपयुक्त खर्च आणि चहापाणी

गेल्या पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे एका ताईंचे पत्र आले. वहीचे पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेले. ताई चार घरची धुणीभांडी करतात. यजमान गोदीत हमालीला होते, कमरेच्या दुखण्याने आता घरीच असतात. थोरला मुलगा बी.कॉम. झाला आणि परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. घराण्यातली ही पहिली टेबलखुर्चीची नोकरी. पहिल्या पगारात मुलाने वस्तीतल्या विहाराला पंखा दिला, असे ताईंनी मोठ्या अभिमानाने लिहिले आहे.

पुढचा मजकूर मात्र वेगळा आहे. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी मुलाच्या हाती एक बंद पाकीट दिले आणि अमुक खिडकीवर अमुक माणसाला नेऊन दे म्हणून सांगितले. परत आल्यावर रजिस्टरात 'किरकोळ खर्च' असे लिहून त्याची सही घेतली. आता हे आठवड्यातून तीनदा होते. पोरगा घरी आला की धड जेवत नाही. एका रात्री तो आईला म्हणाला, ''आई, तू रोज सकाळी पंचशील म्हणतेस. मी चोरी केली नाही, लाच घेतली नाही. मालकाचे पैसे मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला दिले. मग माझे कोणते शील मोडले ते सांग.'' ताई लिहितात, ''मला उत्तर देता आले नाही. नोकरी सोड म्हणावे तर घर कशावर चालवू? चालू दे म्हणावे तर पोरगा आतून खंगत चालला आहे. तुम्ही काही सांगा.''

वाचकहो, आम्ही हे पत्र तीन वेळा वाचले. लाचेविषयी भाषणे पुष्कळ होतात. परंतु ती भाषणे घेणाऱ्याविषयी असतात. पाकीट पोहोचवणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही. म्हणून या खेपेचे सदर आम्ही त्या मुलाच्या प्रश्नालाच दिले आहे.

आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. मुला, तुझ्याकडून मोडते आहे ते चौथे शील. मुसावाद. खोटे. पाकिटात लाच आहे हे तुला ठाऊक आहे आणि रजिस्टरात तू 'किरकोळ खर्च' लिहून खाली आपले नाव घालतोस. पैसा खिशातून निघण्यापूर्वी त्याचे नाव बदलावे लागते, हा लाचेचा जगभरचा नियम आहे. आपल्याकडे तिला काय कमी नावे आहेत? चहापाणी, चिरीमिरी, हप्ता, टक्का, वरकमाई, मलिदा. 'लाच' हा शब्द लाच देणारा घेणारा दोघेही तोंडून काढत नाहीत. आणि तुझ्या त्या छोट्या खिडकीवर जे चालते तेच कोट्यवधी डॉलरच्या व्यवहारात, कोटटाय घातलेल्या माणसांत, विमाने आणि वीजकेंद्रे विकताना चालत आले आहे. तेथेही आधी नाव बदलले, मग पैसा हलला, आणि शेवटी सही करणारा लहान माणूस चिरडला. कसे ते पाहा.

शंभर शेंगदाणे

लॉकहीड ही विमाने बनवणारी अमेरिकेतली बलाढ्य कंपनी. १९७१ साली ती बुडायला आली होती. अमेरिकी सरकारने तिच्या कर्जाला हमी दिली म्हणून ती तरली. म्हणजे तिच्या मागे तिथल्या सामान्य करदात्याची पुण्याई उभी होती. या कंपनीला आपले ट्रायस्टार नावाचे प्रवासी विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेज या कंपनीच्या गळ्यात घालायचे होते. मारुबेनी नावाची जपानी व्यापारी कंपनी मध्यस्थ होती. पंतप्रधानाला ५० कोटी येन द्यावे, असे ठरले.

हे पैसे १९७३-७४ मध्ये चार हप्त्यांत पोहोचले. पुठ्ठ्याच्या खोक्यांत नोटा भरून मोटारीतून नेल्या गेल्या. आणि पावत्या? पावत्या झाल्या, पण त्या वाचून हसावे की रडावे कळत नाही. 'शंभर शेंगदाणे मिळाले', अशी पावती. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. एवढे शिकलेसवरलेले लोक, एवढा मोठा व्यवहार, आणि कागदावर शेंगदाणे!

१९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीसमोर हे बाहेर आले. सिनेटर फ्रँक चर्च हे त्या समितीचे अध्यक्ष होते. कंपनीच्या उपाध्यक्षाने पैसे दिल्याचे कबूल केले. जपान हादरला. २७ जुलै १९७६ रोजी माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना अटक झाली. १२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियोच्या न्यायालयाने त्यांना चार वर्षे कारावास आणि ५० कोटी येन दंड सुनावला.

परंतु वाचकहो, आमची नजर तनाकांवर थांबत नाही. ती त्यांच्या मोटारीच्या चालकावर जाते. तपासात सरकारी वकिलांनी त्याला बोलावले, विचारपूस केली, आणि १९७६ च्या ऑगस्टच्या आरंभी तो आपल्या मोटारीत मृतावस्थेत सापडला. त्याने आत्महत्या केली होती. खोके कोणाचे, पैसा कोणाचा, विमान कोणाचे, आणि जीव कोणाचा गेला! तनाका मात्र अपिलावर अपिले करीत राहिले. अखेरचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून असतानाच १९९३ साली ते वारले. तुरुंगातली ती चार वर्षे त्यांना कधी भोगावी लागली नाहीत.

आमच्या भगिनींनी याच खटल्यातील आणखी एक व्यक्ती ध्यानात ठेवावी. मिएको एनोमोतो. तनाकांच्या सचिवाची ही घटस्फोटित पत्नी. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये ती साक्षीला उभी राहिली आणि पैसे घेतल्याचे नवऱ्याने आपल्यापाशी कबूल केले होते, असे तिने न्यायालयात सांगितले. पुढे ती म्हणाली की मधमाशी एकदाच डंख करते आणि मरते, तसे आपले झाले आहे. घरात आलेला पैसा कोठून आला हे घरातल्या बाईला कळत नाही, असे आम्हांला कोणी सांगू नये. तिला कळते. प्रश्न एवढाच की तिला विचारतो कोण, आणि तिने सांगितले तर तिच्या पाठीशी उभे राहतो कोण.

'आपला माणूस'

या कथेचा एक भाग आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन वाचावा. तनाका हे गरीब घरचे. निईगाता या बर्फाळ, मागासलेल्या भागातले. शिक्षण बेताचे. बड्या विद्यापीठांतून आलेल्या पुढाऱ्यांच्या गर्दीत हा खेड्यातला माणूस पंतप्रधान झाला, म्हणून गावकऱ्यांना त्यांचा केवढा अभिमान! त्यांनी त्या भागात रस्ते केले, बोगदे खोदले. न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि निईगाताच्या मतदारांनी त्यांना दोन लाखांहून अधिक मते देऊन पुन्हा निवडून दिले. का? तर आपला माणूस!

आम्हांला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या दारी कोणी आले नाही, त्यांना रस्ता देणारा देवासारखा वाटला तर नवल नाही. पण आपण स्वतःला विचारावे. आपल्यातला कोणी अधिकारी झाला, त्याने बंगला बांधला, विहाराला देणगी दिली, जयंतीचा मंडप उभा केला, तर पगार किती आणि बंगला केवढा हे आपण विचारतो का? की 'इतरांनी खाल्ले तेव्हा कोठे होता?' असे म्हणून गप्प बसतो? त्या देणगीची पावतीही एक प्रकारे शेंगदाण्याचीच पावती नव्हे काय?

उपयुक्त खर्च

जपानमध्ये निदान लपवाछपवी होती. युरोपात तर सरकारनेच नाव बदलून दिले होते. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशातल्या अधिकाऱ्याला दिलेली लाच ही कंपनीच्या आयकरातून खर्च म्हणून वजा करता येत असे. तिचे नाव होते 'उपयुक्त खर्च'. आपल्या देशात दिली तर गुन्हा, परक्या देशात दिली तर उपयुक्त! म्हणजे परक्या देशातल्या गरिबाचे नुकसान हे नुकसानच नव्हे. एक नीती आपल्या घरापुरती आणि दुसरी परक्यासाठी, हा दुटप्पीपणा आपल्या लोकांना नवा नाही. गावाच्या वेशीआत एक माणुसकी आणि वेशीबाहेर दुसरी, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

१९९९ मध्ये तिथला कायदा बदलला, परंतु सवय बदलली नाही. सीमेन्स ही जर्मनीची जगप्रसिद्ध कंपनी. वीज, टेलिफोन, रेल्वे, रुग्णालयाची यंत्रे सारे बनवत असे. तिच्या कचेरीत रोख पैशांच्या खिडक्या होत्या. अधिकारी रिकामी सुटकेस घेऊन यायचा आणि भरून न्यायचा. एका वेळी दहा लाख युरोपर्यंत. मंजुरीची सही मूळ कागदावर करायची नाही. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठीवर करायची, म्हणजे वेळ आली की चिठ्ठी उचकटून टाकता येते. सही करणाऱ्या वरिष्ठाला आपण काय करतो हे पुरते ठाऊक होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी म्युनिकमध्ये छापे घातले. पुढे अमेरिकी तपासात निष्पन्न झाले की २००१ ते २००७ या काळात निरनिराळ्या देशांच्या सरकारी लोकांना किमान ४,२८३ वेळा मिळून सुमारे १४० कोटी डॉलर दिले गेले होते. वेनेझुएलातली मेट्रो, बांगलादेशातले मोबाइलचे जाळे, अर्जेंटिनाच्या नागरिकांची ओळखपत्रे, व्हिएतनाममधील रुग्णालयाची यंत्रे. १५ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने गुन्हे मान्य केले. अमेरिका आणि जर्मनी मिळून दंड व वसुली सुमारे १६० कोटी डॉलर झाली.

या यादीतली कामे पुन्हा वाचा. मेट्रो, फोन, ओळखपत्र, दवाखान्याचे यंत्र. यातले श्रीमंतांच्या चैनीचे काय आहे? बांगलादेशातली कापडगिरणीत शिवणारी मुलगी फोनवर आईशी बोलते, व्हिएतनाममधला शेतमजूर सरकारी दवाखान्यात तपासून घेतो. लाचेची रक्कम कंपनी आपल्या तिजोरीतून कधी सोसत नाही. ती कामाच्या किमतीत चढते आणि शेवटी तिकिटातून, बिलातून, करातून वसूल होते. परदेशी कंपनी आणि मोठा अधिकारी यांच्यात वाटल्या गेलेल्या त्या पैशांत, कधीही न भेटलेल्या गरिबांचे पैसे असतात. येथे दुसरे शील मोडते. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. गरिबाने ते दिलेले नसते.

सीमेन्समध्येही एक सही करणारा होता. राइनहार्ड सिकाचेक. मधल्या दर्जाचा अधिकारी. एका विभागाचा लाचेचा हिशेब तो वर्षानुवर्षे सांभाळत होता. हे केले नाही तर कंपनी बुडेल, लोकांच्या नोकऱ्या जातील, असे आपल्याला वाटत होते, असे त्याने पुढे सांगितले. त्याने सारे कबूल केले. २००८ साली त्याला दोन वर्षांची स्थगित कैद आणि १ लाख ८ हजार युरो दंड झाला. मुला, तुझ्या साहेबाची चिठ्ठी पिवळी आहे. ती निघते. तुझी सही रजिस्टरात आहे. ती निघत नाही.

गोव्याचे पाणी

हे सारे दूरदेशीचे झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या शेजारच्या गोव्याचे पाहा. लुई बर्जर ही अमेरिकेतल्या न्यू जर्सीची सल्लागार कंपनी. गोवा आणि गुवाहाटी येथल्या पाणीपुरवठ्याच्या कामांत तिचा हात होता. गोव्याचे काम जपानकडून घेतलेल्या कर्जावर चालले होते. १७ जुलै २०१५ रोजी या कंपनीने अमेरिकेत कबूल केले की १९९८ ते २०१० या काळात भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेत या देशांतल्या अधिकाऱ्यांना मिळून ३९ लाख डॉलर लाच दिली. तिला १ कोटी ७१ लाख डॉलर दंड झाला आणि तिच्या दोन माजी अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा मान्य केला.

आणि वह्यांत काय लिहिले होते? 'बांधीलकी शुल्क', 'विपणन शुल्क', 'क्षेत्रीय कामकाज खर्च'. पुन्हा तेच. नाव बदलले.

कर्जाऊ पैशांतले पाणी! ते कर्ज आपल्याच लोकांच्या करातून फेडले जायचे. ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या समाजाला पाण्यातला पैसा खाणे म्हणजे काय ते अधिक सांगायला नको. तेव्हा पाणी जातीने अडवले होते. लाचही पाणी अडवते. नळ कोठे आधी जाईल, पाइप कोणत्या जाडीचा पडेल हे ती ठरवते, आणि वस्तीचा नंबर शेवटी लागतो.

'आपण नाही दिले तर दुसरा देईल'

आता व्यवहारी माणूस म्हणेल, ''तुमचे बरोबर, पण धंदा असाच चालतो. आपण नाही दिले तर दुसरा देईल, काम त्याला मिळेल, आपले लोक उपाशी राहतील.'' हा युक्तिवाद साधा कारकून करतो आणि महासत्तेचा अध्यक्षही करतो.

लॉकहीड प्रकरणानंतर अमेरिकेत चौकशी झाली तेव्हा चारशेहून अधिक कंपन्यांनी संशयास्पद पैसे दिल्याचे मान्य केले. त्यातून डिसेंबर १९७७ मध्ये कायदा झाला. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे हा गुन्हा ठरला. अमेरिकी कंपन्या वीस वर्षे कुरकुरत राहिल्या की आमचे हात बांधले आणि युरोपवाले मोकळे सुटले. अखेर १७ डिसेंबर १९९७ रोजी पॅरिसमध्ये श्रीमंत देशांनी करार केला आणि तो १९९९ पासून लागू झाला. जर्मनीचा 'उपयुक्त खर्च' बंद झाला तो याच कराराच्या दडपणाने. म्हणजे 'दुसरा देईल' याला इलाज दोनच. एक तर आपणही द्यावे, नाही तर दुसऱ्यालाही देऊ न देणारा नियम करावा. जगाने मोठ्या मुश्किलीने दुसरी वाट धरली.

पण ती वाट पक्की झालेली नाही. १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी याच कायद्याखालची नवी प्रकरणे १८० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. कारण तेच जुने, इतर देशांच्या कंपन्यांपुढे आपल्या कंपन्या मागे पडतात. जूनमध्ये नवे नियम लावून काम पुन्हा सुरू झाले, पण त्याचा आवाका आवळला. पन्नास वर्षे जुना कायदा एका सहीने थबकतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

आणि मुला, तुझ्या पाकिटाविषयीही एक गोष्ट सांगतो. त्या अमेरिकी कायद्यात एक पळवाट पहिल्यापासून आहे. नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेली किरकोळ रक्कम त्यात गुन्हा धरत नाहीत. म्हणून एखादा परदेशी व्यापारी तुझ्या साहेबाला म्हणेल, हे तर आमच्या कायद्यात चालते. त्याच्या चालत असेल, आपल्या नाही. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यातही अशी सूट नाही.

राहुलाचे भांडे

भगवान बुद्धांनी आपल्या पुत्राला, कोवळ्या वयाच्या राहुलाला, खोट्याविषयी उपदेश केला तो पाण्याच्या भांड्याच्या साहाय्याने. भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. ते दाखवले, मग ओतून टाकले, मग भांडे पालथे केले, मग रिकामे भांडे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण असेच थोडे, सांडलेले, पालथे, रिकामे. अशा माणसाला कोणतेही पाप वर्ज्य राहत नाही, असे तथागतांनी समजावले. आणि आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कृतीकडे करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे असे सांगितले. सम्राट अशोकाने राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका यांनी जे उपदेश वारंवार ऐकावेत म्हणून सांगितले, त्यांत राहुलाचा हा उपदेश आहे. एवढे साम्राज्य चालवणाऱ्या राजाला खोट्या हिशेबाची किंमत कळली होती.

गृहस्थांसाठी दिलेल्या सिगालोवाद सुत्तात माणूस आडवाटेने जातो त्याची चार कारणे सांगितली आहेत. लोभ, द्वेष, मोह आणि भय. लाच घेणारा लोभाने जातो. कंपनीचा मोठा साहेब मोहाने जातो, कारण त्याला वाटते की आपण कंपनीचे भलेच करतो आहोत. आणि तुझ्यासारखा पोरगा भयाने जातो. नोकरीच्या भयाने. आम्ही तुला लोभी म्हणत नाही. पण भयाने केलेले कर्मही कर्मच आहे, हे तुझ्यापासून लपवणार नाही. तू जेवत नाहीस ना, तोच तुझा आरसा आहे. तो फुटू देऊ नकोस.

आणखी एक विचार. ज्याच्याकडे पैसा आहे तो लाच देऊन आपले काम करून घेतो. ज्याच्याकडे ओळख आहे तो वशिला लावतो. आपल्या लोकांकडे काय आहे? आपल्याकडे फक्त नियम आहे. बाबासाहेबांनी राज्यघटनेतून आपल्या हाती दिले ते हेच. शाळेतला प्रवेश, नोकरीतली जागा, रेशन, पाणी, न्यायालयातली तारीख, सारे नियमाने मिळते. लाच म्हणजे नियमाची विक्री. ती जेथे चालते तेथे सर्वांत आधी आपण रांगेबाहेर फेकले जातो. बड्या घरच्या मुलाने लाच दिली तर तो बापाचा पैसा उधळतो. आपल्या मुलाने दिली तर तो आपल्या एकुलत्या एका शस्त्राची धार बोथट करतो.

मग करावे काय?

ताई, 'उद्याच नोकरी सोड' असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या चुलीवर तत्त्वज्ञान शिजवणे सोपे असते. पण पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, आजपासून खोटे नाव लिहिणे बंद. साहेबांना नम्रपणे सांगावे की ज्याची पावती नाही त्यावर मी सही करणार नाही. लेखी हुकूम द्या म्हणावे. लेखी हुकूम कोणी देत नाही, आणि बऱ्याचदा त्या एका वाक्याने पाकीट दुसऱ्याकडे जाते. ते दुसऱ्याकडे गेले म्हणजे पाप संपले असे नाही, हे आम्हांला कळते. पण प्रथम आपला हात सोडवून घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट, कायदा ठाऊक करून घ्यावा. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीही जबाबदार धरली जाते आणि ज्याच्या संमतीने झाले तो वरिष्ठही. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. राज्य सरकारच्या माणसाविषयी तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर करता येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याविषयी सीबीआयकडे जावे लागते.

तिसरी गोष्ट, एकट्याने जाऊ नये. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तक्रारीपूर्वी त्याचा सल्ला घ्यावा, कारण आजवरच्या सह्यांचाही प्रश्न आहे.

चौथी गोष्ट मुलासाठी नाही, आपल्या सर्वांसाठी आहे. असा मुलगा नोकरी सोडून घरी आला तर वस्ती काय म्हणेल? 'मोठा हरिश्चंद्र लागून गेला' असे म्हणेल, की दोन महिने त्या घराच्या पिठामिठाची सोय पाहील? आपल्या विहारात जयंतीची वर्गणी जमते, मंडप पडतो, लाउडस्पीकर लागतो. खरे बोलल्यामुळे नोकरी गमावलेल्यासाठी एखादी पेटी का नसावी? आपल्या समाजात बँकेत, कारखान्यात, कचेऱ्यांत असलेले वडीलधारे अशा मुलासाठी दुसरी जागा का शोधू नयेत? जपानमधला तो चालक एकटा होता. त्याच्या मोटारीच्या काचेवर कोणी टकटक केली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

ताई, आज रात्री मुलगा घरी आला की त्याला जेवायला वाढा आणि समोर बसा. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या, चौथे शील, बाळा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा आपल्याकडून वदवून घेतल्या त्यांत चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. तुमच्या भिंतीवर त्या टांगलेल्या असतीलच. आणि हेही सांगा की नोकरी गेली तरी या घराचे दार तुझ्यासाठी बंद होणार नाही. आम्हांला वाटते, तो हेच ऐकण्यासाठी अन्नावाचून बसला आहे.

पुढे काय झाले ते जरूर कळवा. आणि वाचकहो, ज्यांच्या ओळखीत वाणिज्य पदवीधराला प्रामाणिक काम देणारी जागा असेल त्यांनी या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. आम्ही त्या ताईंपर्यंत पोहोचवू.

जयभीम. सर्वांचे मंगल होवो.